आमच्या घरातली एकच राखी

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी बॅग एस्टीत विजूने चढवली. बाबांच्या खांद्यावर गव्हाचं पोतं होतं, मोठा भाऊ मिलिंद पाण्याची बाटली आणायला टपरीवर गेला होता, मावशी आत जागा धरून बसली होती, आणि माय तोंडाला पदर लावून नुसती उभी होती. विजू मोटरसायकल बाजूला लावून पुढे आला, माझ्या हातातून बॅग घेतली, वरच्या फळीवर नीट बसवली आणि खाली उतरून खिडकीशी आला. "ताई, पोचली का फोन कर," म्हणाला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस मला ताई म्हणत होता. फाट्यावर जमलेली माणसं आपसात बोलली, की सख्खा भाऊ करणार नाही एवढं करते हे पोट्टं. मी खिडकीची काच ओढली. ती अर्ध्यात अडकली, एस्टीच्या काचा अडकतातच, आणि त्या फटीतून तो वळण येईपर्यंत दिसत राहिला.

ज्याच्यापायी मी गाव सोडत होते, तोच मला निरोप द्यायला आला होता. गावाला सांगितलं होतं की पोरगी पुण्याला शिकायला चालली. बाबांनाही तेवढंच माहीत होतं, किंवा तेवढंच माहीत असल्यासारखं ते वागत होते. आता विचारायला ते नाहीत.

आपल्या वस्तीतून बाहेर पडलेल्या पोरींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. कोणी सुरतेला, कोणी नाशकात, एक तर थेट दुबईत. दर दिवाळीत त्यात कोणीतरी विचारतं, विशाखा, तू गावी काऊन येत नाहीस? मी हसरा चेहरा टाकते आणि फोन पालथा ठेवते. यंदा श्रावणात गावात जे झालं ते तुमच्यापर्यंत उलटसुलट पोचलं असणार. कोणी म्हणतं विशाखाने गावात भांडण लावलं, कोणी म्हणतं म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. तुमच्यासाठी लिहिते, आणि जे तिथेच राहिले त्यांच्यासाठीही. दहा वेळा सांगायची ताकद आता माझ्यात नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. संग्रामपूर तालुक्यातलं आहे, उत्तरेला सातपुडा दिसतो, विहिरीचं पाणी खारं लागतं, एवढं पुरे. आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. शाळेसाठी जळगाव जामोदला, आपण नुसतं जळगाव म्हणतो तिथे, एस्टीने जावं लागायचं, आणि एस्टी थांबायची ग्रामपंचायतीसमोर. म्हणजे वस्तीपासून पंचायतीच्या ओट्यापर्यंत चालत जाणं आलं. नववीत गेले तेव्हा त्या ओट्यावर वरच्या गल्लीतला विजू आणि त्याचे दोस्त बसायला लागले. पहिल्यांदा गाणी झाली. मग खडे. मग मोटरसायकल मागून हळू यायची, अगदी पायाच्या चालीने, आणि त्या इंजिनची घरघर माझ्या मानेवर यायची. एकदा त्याने ओढणी ओढली आणि एस्टी येईपर्यंत हातात गुंडाळून ठेवली. ओट्यावर मोठी माणसंही बसलेली होती. त्यांनी पान लावायचं थांबवलं नाही.

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मान खाली घालून जाय, बाई." मी मान खाली घालून जाऊ लागले. मान खाली घातली की फक्त पाय दिसतात. त्यामुळे मला त्या सगळ्यांच्या चपला ओळखू यायला लागल्या. आजही पुण्यात कोणी तपकिरी कोल्हापुरी घालून समोर आलं की माझी नजर आधी वर चढत नाही.

मिलिंदने एकदा विजूला हटकलं. तोही तेव्हा लहानच, बारावी नापास होऊन घरी बसलेला. पाण्याच्या टाकीजवळ चौघांनी मिळून त्याला मारलं आणि उजवा हात मोडला. संध्याकाळी गावातली काही पोरं काठ्या घेऊन वस्तीत आली. विहाराच्या दारावरचा ट्यूबलाइट फोडला, आमच्या शेजाऱ्याच्या सायकलीवर काठ्या मारल्या आणि गेली. मी माळ्यावर चढून बसले होते. खाली माय दाराला पाठ लावून उभी होती, आणि तिची पाठ दाराबरोबर हलत होती, ते मला वरून दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायांना शेतात निंदणाला कोणी बोलावेना. बाबा गवंडी होते. विजूच्याच घरावर वरचा मजला चढवत होते. त्यांनाही निरोप आला की तूर्त येऊ नको.

मग बैठक झाली. वस्तीतले काही तरुण म्हणत होते की पोलिसांत जाऊ, ॲट्रॉसिटी टाकू. जाणती माणसं म्हणाली, केस केली की गाव तुटते, आणि राहायचं तर याच गावात आहे. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून ते निघालं. राखी येऊनच राहिली. पोरीने विजूला राखी बांधावी. एकदा बहीण म्हटलं की विषय संपला, मग कोणाची हिंमत आहे वाकडं बघायची. विजूच्या बापाने लगेच होकार दिला. विजूने खाली बघून मान हलवली, आणि सगळ्यांना वाटलं की पोरगं शरमलं.

आमच्या घरात राखी नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा जुने सण सोडले, ते बाबांनी निष्ठेने पाळलं. शाळेत बाकीच्या पोरी राख्या आणायच्या, मला फार आवडायचं, पण मी कधी हट्ट केला नाही. मिलिंदच्या हाताला मी आयुष्यात राखी बांधली नाही. बाबा तर एवढे कडक की शेजारून आलेला प्रसादही ते हात जोडून परत करायचे. त्या बाबांनी बैठकीत खूप वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बांधून टाक, बेटा."

राखी विजूच्या घरूनच आली होती. मोठं स्पंजचं फूल, त्यावर चमकी. त्याने उजवा हात पुढे केला. मिलिंद समोर बसला होता, त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. मी गाठ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओवाळणी म्हणून त्याने मला ड्रेसचं कापड दिलं, गुलाबी. मायने ते जळगावला शिवायला टाकलं आणि मला घालायला लावलं, कारण भाऊ विचारेल.

आणि भाऊ विचारायला लागला. आधी तो ओट्यावर असायचा, आता घरात यायला लागला. दारातून हाक मारायची गरजच नाही, बहिणीचं घर. खाटेवर बसायचा, माय चहा टाकायची. माझे मार्क विचारायचा. माझं दप्तर उघडून बघायचा. एस्टीत माझ्या शेजारी कोण बसलं, कोणाशी बोलले, सगळं त्याला कळायचं. वर्गातल्या एका पोराने मला विज्ञानाच्या नोट्स दिल्या, तर विजूने त्याला स्टँडवर कानफटात मारली. "माही बहीण हाय थे," म्हणाला. तो पोरगा पुन्हा माझ्याशी बोलला नाही, आणि दुसरंही कोणी बोललं नाही. बाबांना त्याने सांगितलं की ताईला क्लासला पाठवू नका, जमाना खराब आहे. बाबांनी क्लास बंद केला. आणि माय चहाचा कप आत न्यायला वळली की तो माझ्याकडे बघायचा ते अगदी तसंच, ओट्यावरून बघायचा तसं. फक्त आता मला उठून जाता येत नव्हतं. भाऊ बसलेला असताना बहीण उठून गेली तर लोक बहिणीलाच बोलतात.

आता तक्रार तरी कोणाकडे करायची? विषय संपलेला होता. सगळ्या गावाने संपवला होता. मायला म्हटलं की मला त्याची भीती वाटते, तर तिला खरंच समजेना. "भाऊ हाय आता तो, भेवाचं काय कारण?" म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती, तिला तसं वाटण्याची फार गरज होती.

दहावीचं ते वर्ष मला धड आठवत नाही. सकाळी एस्टीची वेळ झाली की मी परसाकडे धावायची. पुस्तकातली ओळ वाचून दुसऱ्या ओळीवर गेले की पहिली पुसली जायची. मी वर्गात पहिली येणारी पोरगी, मला साध्या बेरजा जमेनात. झोपताना सलवारीच्या नाडीला दोन गाठी मारायची. बाहेर कुठेही मोटरसायकल वाजली की हात थांबायचा, भाकरी थापत असेन तर भाकरी फाटायची. आणि नकळत मी डाव्या भुवईचा एक-एक केस उपटायला लागले. उपटला की क्षणभर बरं वाटायचं, बाकी काहीच वाटायचं नाही. अर्धी भुवई गेली तेव्हा मायला दिसलं. तिने एरंडेल लावलं. शेजारीण म्हणाली नजर लागली. बाबा भगताकडे जाणारे नव्हते, त्यांनी मला जळगावच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, आणि सलाईन लावली. आपल्याकडे सलाईन लावली की माणूस बरा झाला असंच समजतात. मला लाल रंगाचं टॉनिकही मिळालं. बाटली संपली, भुवईही संपली.

बाकी सगळ्या आठवणींचा मला आता कंटाळा आलाय, पण एक गोष्ट अजून बोचते. मला कोणी विचारलंच नाही की तुला काय होतंय. पोरगी बोलत नाही म्हणजे शहाणी झाली, असं घरात सगळे समाधानाने म्हणायचे.

दहावी कशीबशी पास झाले. मावशी दापोडीत राहायची, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. ती सुट्टीत आली होती. तिने माझ्या भुवईकडे बघितलं, मग दारात उभ्या मोटरसायकलकडे बघितलं, आणि मायला म्हणाली की हिला मी घेऊन जाते, तिकडे कॉलेज चांगलं आहे. एवढंच. तिने कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मावशी, तू हे वाचणार नाहीस, तुला चष्म्यानेही दिसत नाही आता, पण कोणी वाचून दाखवलं तर ऐक. तू नसतीस तर मी जगले नसते. हे मी कधी तोंडावर बोलले नाही.

पुण्याचं काय सांगू. पहिलं वर्ष तर तोंड उघडायचीच चोरी. मी "मले नाही माहीत" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. एक बाई तर मला मुद्दाम उभं करून वाचायला लावायची. पण त्या हसण्याची मला भीती नाही वाटली. ते हसून विसरून जायचे, माझ्या मागे घरापर्यंत येत नव्हते. हळूहळू मले-तुले गेलं. लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर सॅम्पल, रिपोर्ट, शिफ्ट, रिपोर्ट. सोसायटीत फ्लॅट आहे, खाली वॉचमन, दाराला कॅमेरा. नवरा चांगला आहे. तो सुरुवातीला विचारायचा की आपण सिनेमाला गेलो की तू कोपऱ्यातलीच खुर्ची का मागतेस. मी म्हणायची, सवय.

खरं तर ती सवय नव्हती हे मला फार उशिरा कळलं. हॉस्पिटलमध्ये स्टाफसाठी एक समुपदेशक मॅडम यायच्या. मी झोप येत नाही म्हणून गेले होते. त्यांनी विचारलं, झोपताना दाराकडे तोंड करून झोपता का? मी हो म्हटलं. कधीपासून, तर म्हटलं नववीपासून. मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि मी रडायला लागले ते त्यांची पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत. त्यांनी त्याला एक नाव सांगितलं, गोळ्याही सुरू झाल्या. एवढी वर्षं मी समजत होते की मीच कच्च्या मनाची आहे. नाव कळलं म्हणून दुखणं गेलं नाही, पण माझ्यावरचा माझा राग थोडा कमी झाला.

मधल्या वर्षांत गावी मी मोजकीच गेले. बाबा वारले तेव्हा गेले. बाबांच्या शेवटच्या आजारात विजूनेच आपल्या जीपने त्यांना अकोल्याला नेलं होतं, रात्री जागला होता, शेवटी खांदाही दिला. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. तो सगळाच वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं. बाबांच्या तिसऱ्या दिवशी तो अंगणात खुर्ची टाकून आल्या-गेल्याचं बघत होता, आणि मी आत भिंतीला टेकून बसले होते. तेव्हा माझं लग्नही झालं होतं, मी कमावती होते, आणि हात आपोआप भुवईकडे जात होता.

यंदा श्रावण लागला तेव्हा मिलिंदचा फोन आला. तो कधी कामाशिवाय फोन करत नाही. त्याची पोरगी प्रज्ञा नववीत आहे. म्हणाला, पोरगी शाळेत जाऊन नाही राहिली. वरच्या गल्लीतल्या एका पोराने ती एस्टीतून उतरताना लपून व्हिडिओ काढला, त्याला घाणेरडं गाणं लावून इन्स्टावर टाकला. तो फिरला. आता ती उतरली की सगळी पोरं तेच गाणं वाजवतात. मिलिंद त्या पोराच्या बापाकडे गेला तर बाचाबाची झाली, दोन दगड वस्तीत आले. म्हणून रविवारी बैठक ठेवली. मी विचारलं, काय ठरवणार? त्याने टमटमचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "राखीचं म्हनून राह्यले."

मी रजेचा अर्ज टाकला आणि ट्रॅव्हल्सने निघाले. नवऱ्याला म्हटलं, मी येईपर्यंत फोन करू नको, मला बोलता येणार नाही.

घरी पोचले तर प्रज्ञा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी फार लाडकी आहे, आत्या आली की गळ्यात पडणारी. हाक मारली तरी वळली नाही. मी शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला, तेव्हा वळली. तिच्या डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग नव्हता. मी तिला माझं कधी काही सांगितलेलं नाही. ती ते कोणाकडून शिकलेली नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिले, संतापाने दात आवळून.

बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. मधल्या खुर्चीवर विजू बसला होता. आता तो विजूभाऊ आहे, पोट सुटलंय, गावातले तंटे तोच मिटवतो. मला बघून अर्धवट उठला, "ये ताई, बस" म्हणाला. त्या पोराचा बाप होता, पोरगाही होता, मिसरूड फुटलेला, खाली बघत मोबाइल फिरवणारा. माय मागे दाराजवळ बायांत बसली होती. तिला मी येऊ नको म्हटलं होतं, तिचे गुडघे दुखतात, पण आली.

बोलणं तेच झालं. केस केली तर पोराचं आयुष्य बरबाद होते, पोरीचं नाव खराब होते, गाव तुटते. राखी येऊनच राहिली. मग विजू बोलला, आणि ते मी शब्दाशब्दाने लिहिते. "आता माहंच पाहा. लहानपनी चुकलो असन म्या बी. ताईनं राखी बांधली, विषय मिटला. वीस सालं झाले, आजही पुन्यावरून दरसाली राखी येते मले. याले म्हन्तेत नातं."

लोकांनी माना हलवल्या. मला कळेना तो काय बोलतोय. इतकी वर्षं मी ज्याच्यातून कशीबशी बाहेर आले, ते गावात उदाहरण म्हणून सांगितलं जात होतं. माझा दाखला देऊन माझ्या भाचीला त्याच खाटेसमोर बसवणार होते. मी उभी राहिले. पुण्यात कमावलेली सगळी मराठी कुठे गेली कोणास ठाऊक.

"म्या तुले एकही राखी धाडली नाही," मी म्हटलं. "बांधली थे एकच. अन् थे बी भेवानं."

विजू हसला. समजूतदारपणे हसला, घरातल्या माणसाला हसावं तसं. म्हणाला की ताई विसरली असेल, कामात असते, सगळ्या राख्या घरी डब्यात ठेवल्या आहेत, पाहिजे तर आणून दाखवतो. आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. त्या क्षणी मलाही वाटलं, नाही बहुतेक.

मागून माय उठली. दाराची चौकट धरून उठली.

"थ्या राख्या म्या आनल्या," ती म्हणाली. "जळगावच्या बजारातून. पोरीनं धाडली म्हनून म्याच देत गेली तुले. तू दर राखीले घरी येत होता, च्या पेत होता, पोरगा घरात होता, मालक घरात होते, मले भेव वाटे. पोरगी गेली तरी भेव नाही गेलं." मग थोडी थांबली, दम लागला होता तिला. "आता नातीच्या नावानं नाही आननार."

विजूने मोबाइल काढून त्यात बघायला सुरुवात केली. मी खरं सांगते, मला आधी मायचा रागच आला. दरवर्षी ही बाई माझ्या नावाने त्या माणसाला राखी देत होती, आणि मला फोनवर विचारायची की जेवलीस का. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण तिथे, त्या दारात, तिने चौकट घट्ट धरली होती, आणि ती खाली बसत नव्हती. आयुष्यभर मान खाली घाल म्हणणारी बाई सगळ्या गावाकडे बघत उभी होती. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. मिलिंद उठला. राखी बांधली गेली नाही.

तिथूनच आम्ही प्रज्ञाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घ्यायला त्यांनी संध्याकाळ केली, पण लिहिली. व्हिडिओ इन्स्टावरून काढला गेला, ते पोरगं काही दिवस गावात दिसलं नाही. तुम्हाला वाटत असेल की सगळं छान झालं, तर तसं नाही. वस्तीतल्या बायांना पुन्हा काही दिवस निंदणाला बोलावणं आलं नाही, आणि त्या मायवरच चिडल्या की म्हातारीने जुनं कशाला उकरलं. विजूने आमच्या घरचा रस्ता सोडला, पण मिलिंदची टमटम रोज विजूच्या दारावरूनच जाते. पुढे काय होईल मला माहीत नाही. मला खूप थकल्यासारखं वाटतं, आणि मी परत कामावर येऊन सॅम्पलवर लेबलं लावते.

निघायच्या आधी मी प्रज्ञाला म्हटलं, पुण्याला चल माझ्याकडे, मावशीने मला आणलं तसं मी तुला नेते, तिकडे चांगली शाळा आहे. मला वाटलं मी तिला केवढी मोठी सुटका देतेय.

"मी काऊन जाऊ, आत्या?" ती म्हणाली. "माह्या मैत्रिनी अठीच हायेत."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी निघून गेले आणि त्याला सुटका म्हटलं, तुम्हीही म्हटलंत, गावानेही म्हटलं. विजू मात्र आपल्याच घरात राहिला, त्याच ओट्यावर म्हातारा होतोय. मी पुण्याचा विषय सोडला. तिला माझ्या त्या मॅडमचा नंबर दिला. आता दर आठवड्याला ती त्यांच्याशी फोनवर बोलते, माळ्यावर चढून, कारण तिथेच रेंज येते. चार पोरी मिळून एस्टीला जातात. अजून घाबरते. परवा विचारत होती की आत्या, भुवईला पेन्सिल लावू का, केस येईपर्यंत. मी म्हटलं, लाव.

मी निघाले तेव्हा फाट्यावर माय आली होती. माझी बॅग तिने कोणाला उचलू दिली नाही, मिलिंदलाही नाही. गुडघे दुखत असताना पायरी चढून एस्टीत आली आणि बॅग माझ्या पायाशी ठेवून उतरली. आमचं दोघींचं अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय.

घर म्हणजे काय, असं तुम्ही ग्रुपवर लिहिता, जुन्या शाळेचे फोटो टाकता, बोरं आणि भुईमुगाच्या शेंगा टाकता. मी त्यात कधी काही लिहू शकले नाही. माझ्यासाठी घर म्हणजे ती खाट होती, आणि तिच्यावर कोण बसलंय ते बघून आत जायचं. पुण्यातला फ्लॅट माझा आहे, पण दाराकडे तोंड करून झोपते ते तिथेही झोपते.

राखीपौर्णिमेच्या दिवशी मी शिफ्टवर होते. दुपारी मायचा फोन आला. जेवलीस का विचारलं नाही. नुसतं सांगितलं, "आज कोनी आलं नाही, बाई. च्या आम्हीच पेलो."